जांभळे चौकोन

पडद्यावर आपलीच शीट उघडलेली दिसली तेव्हा शमीमला आधी, खरं सांगायचं तर, बरंच वाटलं. परक्या लग्नात जेवायला बसावं आणि समोरच्या पंगतीत अचानक आपल्या गल्लीतलं माणूस दिसावं, तसं. तीच ती वरची गडद निळी पट्टी, तीच डावीकडे एकाखाली एक माणसांची नावं, आणि उजवीकडे महिनाभराचे रंगीबेरंगी चौकोन. हिरवे, पिवळे, आकाशी, आणि मधूनच कुठेतरी फिका जांभळा. महाळुंग्याच्या कंपनीत रोज सकाळी आल्याआल्या ती हीच शीट उघडते. कोण कुठल्या शिफ्टला, कोण कुठल्या मशीनवर, सगळं यातून ठरतं. ती इथे, चिंचवडच्या कॉलेजात, शनिवारच्या दुपारी, ‘प्रगत स्प्रेडशीट व डेटाबेस कौशल्य’ नावाच्या वर्गात कशी आली, हा प्रश्न तिला पडायच्या आतच मिहिर सर म्हणाले, “आता ही बघा. चालू कंपनीतली खरी फाइल आहे. स्प्रेडशीट कशी करू नये याचा इतका सुंदर नमुना मला दुसरा मिळाला नाही.” वर्ग हसला. अर्धी कॉलेजची मुलं, अर्धी तिच्यासारखी कंपन्यांनी पाठवलेली माणसं, सगळी मनापासून हसली. आणि शमीमही हसली. शेजारच्या सईनं, तिसऱ्या वर्षाला असलेल्या त्या गोड मुलीनं, तिच्याकडे वळून “बाप रे, गोधडीच आहे” म्हटलं, तेव्हा शमीम मान हलवून “हो ना” म्हणाली.

आता हसली कशाला, हे तिचं तिलाच विचारायला हवं. पण विचारायला आत कुणी जागेवर असेल तर ना. आत नुसता जाळ झाला होता. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या, भर एसीच्या हवेत. तिनं पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात पाहिलं. तिथे ती ‘तयार करणारी, श. तांबोळी’ असं बारीक अक्षरात लिहीत असे. तो चौकोन रिकामा होता. कंपनीचं नावही पुसलेलं होतं. म्हणजे हे काम श्याम सरांचं. तेच तिचे मॅनेजर, याच कॉलेजच्या कुठल्याशा समितीवर. “सर्टिफिकेट आणा शमीम मॅडम, म्हणजे प्लॅनिंग इन्चार्ज म्हणून तुमचं नाव लावून टाकतो. वरच्यांना कागद लागतो हो,” असं त्यांनीच सांगून तिला या वर्गाला घातलं होतं, आणि इकडे तिचीच शीट पोरांना हसायला दिली होती. कंपनीची बदनामी नको म्हणून कंपनीचं नाव काढलं, ते समजलं. तिचं नाव काढलं, तेही एकवेळ समजलं. पण खाली ती माणसांची नावं, रोहिदास, केसरबाई, सरफराज, सगळी जशीच्या तशी ठेवलेली. ती नावं कुणाची तरी आहेत, असं बहुधा कुणाला वाटलंच नाही. तसं वाटायला ते माणूस पडद्याच्या अलीकडे, आपल्यात बसलेलं लागतं.

ही गोधडी तिनं काही एका बैठकीत शिवलेली नव्हती. ती कंपनीत लागली तेव्हा शेडच्या भिंतीला एक फळा होता आणि फळ्याशी लक्ष्मणराव सुपरवायझर, मावळातले, हाताला कायम खडूचा पिठूळ रंग. ते माणसांची नावं लिहायचे आणि प्रत्येक नावापुढे रंगीत खडूनं ठिपका द्यायचे. शमीम तेव्हा टाइपिंग येतं एवढ्याच भांडवलावर आलेली. फळ्यावरचं कॉम्प्युटरवर उतरवायचं, हे तिचं काम. पुढेपुढे कुणाला कुठे लावायचं तेही लक्ष्मणराव तिच्यावरच सोडायला लागले. मग लक्ष्मणराव रिटायर झाले, फळा निघाला, आणि शीट राहिली. आज एक रकाना वाढला, उद्या एक. ऑडिटला परदेशी पाहुणे आले की श्याम सर तिच्या खुर्चीमागे उभे राहून हात पसरून शीट दाखवायचे, पाहुणे “गुड, गुड” म्हणायचे, आणि सर ते ‘गुड’ आपल्या खिशात घालून निघून जायचे. नवरा, इम्तियाज, देहूरोडला गॅरेज चालवतो, तो म्हणायचा, “अगं, मी बोल्ट आवळला तर गिऱ्हाइकाला माहीत असतं इम्तियाजनं आवळला. तुझं काय?” त्यावर ती नुसती “राहू दे” म्हणायची. राहू दे म्हणण्यात तिची निम्मी उमर गेली. या वर्गाला मात्र ती मनापासून आली होती. कंपनीची बस चुकली म्हणून पहिल्या शनिवारी उशीर झाला, ओळखीपाळखीचा कार्यक्रम हुकला, तरी मागे बसून तिनं पानंच्या पानं उतरवून घेतली होती. कागद हवा होता, हो. पण शिकायचंही होतं.

आणि गंमत बघा, मिहिर सर बोलत होते ते सगळं बरोबर होतं. हाच तर खरा संताप. माणूस चुकीचं बोलला तर त्याला मनातल्या मनात चार शिव्या घालून मोकळं होता येतं. हा मास्तर मुलगा शांतपणे, लेझरचा लाल ठिपका फिरवत, दाखवून देत होता. इथे एकाच माणसाचं नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलंय. इथे तारखा आडव्या पसरल्यात, त्या उभ्या हव्यात. इथे दोन चौकोन जोडून एक केलाय, त्यामुळे पुढे काहीच मोजता येत नाही. “आणि सगळ्यात मोठं पाप म्हणजे हे रंग. रंग म्हणजे डेटा नव्हे. रंग बघणाऱ्याला कळतो, मशीनला कळत नाही. हा माणूस उद्या नोकरी सोडून गेला तर त्याच्या रंगांचा अर्थ कोण सांगणार?” हा माणूस, म्हणे. बाई असेल असं मनातसुद्धा नाही. तरी शमीमनं वहीत लिहिलं, ‘रंग म्हणजे डेटा नव्हे’, आणि खाली रेघ मारली. गेल्या शनिवारी त्यांनी डेटाबेस समजावला होता. प्रत्येक गोष्ट एकदाच, एकाच जागी लिहायची, आणि जिला जिच्याशी बांधायचं तिला तिच्याशी बांधायचं. ते ऐकून तिला स्वयंपाकघर आवरल्यावर वाटतं तसं वाटलं होतं. तिला ते आवडलं होतं, हे कुणाला सांगावं?

“चला, एक खेळ खेळू,” मिहिर सर म्हणाले. “खाली यानं रंगांची सूची दिलीय. हिरवा हजर, पिवळा रजा, आकाशी ओव्हरटाइम. जांभळ्याचा उल्लेखच नाही. काही माणसांच्या नावामागेच जांभळा आहे, महिनोन्महिने. का? फाइल तुमच्या सगळ्यांच्या मशीनवर आहे. शोधून काढा.” माउसची टिकटिक सुरू झाली. कुणी म्हणालं नवीन भरती. कुणी म्हणालं डावखुरे. मागच्या बाकावरून एक आवाज आला, उपवासवाले, कँटीनसाठी. पुन्हा हशा. सई खालचा ओठ चावत पडद्याशी झटत होती. शमीमनं आपल्या मशीनवर शीट उघडली आणि उगाच वरखाली केली. तिला क्षणभर एक दुष्ट समाधान वाटलं. शोधा म्हणावं, बाळांनो. सात जन्म शोधा.

जांभळा रंग रोहिदासपासून सुरू झाला. परभणीकडचा, उंच, मितभाषी, प्रेसवर लागलेला. प्रेस म्हणजे पत्र्यावर वरून घण यावा तसं येणारं मशीन. पायानं पट्टी दाबली की येतं, हात कुठे आहे ते बघत नाही. एका दुपारी कँटीनमध्ये रोहिदास ताटावरच वाकडा झाला. दात आवळलेले, तोंडाला फेस. केसरबाईनं, पार्टांच्या कडा घासायला बसणाऱ्या त्या म्हाताऱ्या बाईनं, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, ताटातला कांदा ठेचून नाकाशी धरला, आणि लक्ष्मणरावांनी दारात उभं राहून जमलेल्या सगळ्यांना सांगितलं, “उपाशी हाय पोरगं, चक्कर आलीया. दुसरं काय न्हाई. चला, कामाला लागा.” सगळे गेल्यावर रोहिदास शमीमच्या टेबलाशी आला होता. पाणी हवं होतं म्हणून आला असं तिला वाटलं. “ताई, गोळ्या चालू आहेत माझ्या. कधीमधीच येते. कुणाला सांगू नका, गेट बंद करतील.” गेट बंद करतात म्हणजे काय, ते तिनं आधी पाहिलं होतं. एहसान नावाचा एक साधा माणूस. त्याच्या डाव्या डोळ्याला धूसर दिसायला लागलं, तो आपणहून सेफ्टीवाल्या साहेबाकडे गेला आणि म्हणाला, साहेब, मला प्रेसवरून काढून पॅकिंगला द्या. साहेबानं त्याचं कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी गेटवर त्याचं कार्ड लागलं नाही. ठेकेदाराचा माणूस होता, कंपनीनं हात झटकले, ठेकेदारानं दुसरा माणूस पाठवला. एहसान आता देहूरोडला पुलाखाली मोबाइलची कव्हरं विकतो, आणि शमीम दिसली की अजूनही उठून सलाम करतो. त्या सलामाची तिला लाज वाटते. त्याचं काय चुकलं होतं? तर खरं बोलला.

तेव्हा रोहिदासला तिनं दुसऱ्या दिवशी पॅकिंगला लावलं आणि त्याच्या नावामागे जांभळा भरला. रंगांच्या त्या चौकटीत तेवढाच एक बिनकामाचा राहिला होता. कारण कुठेच लिहिलं नाही. मग केसरबाईला श्वास लागायला लागला, तिला तेलाच्या धुरापासून लांब. मग सरफराज, बिहारकडचा, ज्याची दोन बोटं आधीच्या कुठल्यातरी शेडमध्ये राहिली होती आणि प्रेसचा आवाज झाला की ज्याचे हात थरथरायचे. कुणी येऊन सांगायचं, कुणी सांगायचंही नाही. ती जेवणाच्या सुट्टीत शेडमधून एक फेरी मारायची आणि तिला दिसायचं. जांभळ्याला प्रेस नाही, जांभळ्याला रात्रीची तिसरी शिफ्ट नाही. एवढाच नियम. तो तिनं कुणाला विचारून केला नव्हता, आणि तो मोडायची तिला कधी हिंमत झाली नव्हती. श्याम सरांना माल वेळेवर मिळत होता, त्यांनी कधी विचारलं नाही. एकदा तिनंच, आजमावायला म्हणून, “सर, शीटमध्ये काय काय आहे ते एकदा समजावून सांगू का” म्हटलं, तर ते मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले, “तुमचं चाललंय ना? मग चालू द्या.” चालू द्या. ठीक आहे. चाललं होतं.

“सर, सापडलं.” पुढच्या बाकावरून एक जण उठला. पोरगेला चेहरा, नीट दाढी, गळ्यात ओळखपत्राची लाल पट्टी, आणि त्या पट्टीवर छापलेलं नाव शमीमनं आता पहिल्यांदाच वाचलं. त्यांच्या कंपनीला माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराचं नाव. तो त्याच्या चिंचवडच्या ऑफिसातला असणार. महाळुंग्याच्या शेडमध्ये त्याला तिनं कधी पाहिलं नव्हतं. “बोल रणजीत,” सर म्हणाले. “मी रंगानं फिल्टर लावला. फक्त जांभळे ठेवले. मग त्यांच्यासमोर मशीन आणि शिफ्टचं पिव्होट केलं, कोण कुठे किती वेळा ते मोजणारा तक्ता. बघा, जांभळा माणूस एकदाही प्रेसवर नाही. एकदाही तिसऱ्या शिफ्टला नाही. बाकी सगळे फिरतात, हे फिरत नाहीत.” मिहिर सरांचा चेहरा फुलला. “वा. याला म्हणतात ॲनालिसिस. बघितलंत? बनवणाऱ्यानं लिहून ठेवलं नाही, पण डेटानं सांगितलं.” त्यांनी रणजीतचा पडदा मोठ्या पडद्यावर घेतला. सगळी गोधडी नाहीशी झाली होती. उरली होती फक्त जांभळी नावं, एकाखाली एक, उघडी.

एवढी वर्षं जे कुणाला दिसलं नाही ते या पोरानं चहा निवायच्या आत काढलं, आणि त्याला टाळ्याही मिळाल्या. आणि तो थांबला असता तरी चाललं असतं. पण तो वाकून नावं वाचायला लागला, आणि त्याचा आवाज बदलला. “एक मिनिट सर. ही तर आमची माणसं आहेत. हा रोहिदास, याला आम्ही प्रेससाठी म्हणून दिलाय. हा पण. प्रेससाठी दिलेला माणूस प्रेसवर जातच नाही?” त्यानं मागे वळून वर्गाकडे पाहिलं, गंमत सापडल्यासारखं. “म्हणजे काहीतरी आजारबिजार असणार यांना. लपवलंय. सोमवारी सगळ्यांचं मेडिकल लावतो, कळेल.” “अरे, आपण इथे फक्त टेक्निक शिकतोय,” सर अवघडून म्हणाले. “हो सर, तेच वापरतोय,” रणजीत म्हणाला. वर्ग पुन्हा हसला.

सोमवार. मेडिकल. रोहिदासच्या गोळ्या, केसरबाईची छाती. शमीमला गेटवरचं ते काळं यंत्र दिसलं, कार्ड टेकवलं की लाल होणारं, आणि त्याच्यासमोर ही सगळी माणसं रांगेत. खरं सांगावं? उभं राहून सांगावं, की बाबांनो, तुमचं मशीन हात बघत नाही म्हणून मी बघते? सांगितलं तर एहसानचं झालं तेच. गप्प बसावं? गप्प बसलं तरी तेच. काय माणसं आहेत ही, तिच्या मनात आलं, काय शिक्षण आहे हे, कोपऱ्यात नीट मिटून ठेवलेलं उघडायचं आणि उघडल्यावर वर टाळ्या पिटायच्या. तिला चीड आली रणजीतची, श्याम सरांची, त्या लाल ठिपक्याची, आणि स्वतःचीसुद्धा, मघाशी दात काढून हसल्याबद्दल. या सगळ्या चिडीतून एक गोष्ट मात्र स्वच्छ दिसत होती. रणजीतच्या प्रश्नाला उत्तर हवं होतं. कुठलंही चाललं असतं, फक्त पटण्यासारखं हवं होतं.

ती उभी राहिली. “सर, ही शीट माझी आहे.”

सईनं तोंडावर हात ठेवला. मिहिर सर म्हणाले, “तुमची? अहो मॅडम, मला खरंच कल्पना नव्हती, सॉरी, मी असं…” पण तिला सॉरीशी काही देणंघेणं नव्हतं. ती रणजीतकडे बघत होती. “आजारबिजार काही नाही त्यांना. ती माझ्या ओळखीची माणसं आहेत. वशिल्याची. त्यांना मी हलकं काम देते.” आपला आवाज इतका सरळ येईल असं तिला वाटलं नव्हतं.

“म्हणजे आम्ही प्रेसला माणूस द्यायचा आणि तुम्ही तुमची माणसं बसवून ठेवायची?” रणजीत म्हणाला.

“हो.”

“आणि श्याम सरांना माहीत आहे हे?”

“नाही. मीच करते.”

प्लॅनिंग इन्चार्जचं काय ते त्या ‘मीच करते’बरोबर संपलं, हे तिला बोलतानाच कळलं. कदाचित खुर्चीही जाईल. पण रणजीत अजून पुरता वळला नव्हता. तो पुन्हा पडद्याकडे गेला आणि नावांवरून बोट फिरवायला लागला. रोहिदास. बोट पुढे गेलं. केसरबाई. पुढे गेलं. आणखी दोनतीन नावं. ‘यांची तुमची ओळख कसली, मॅडम?’ हा प्रश्न आता येणारच म्हणून ती मनात जुळवाजुळव करत होती, कुणाला शेजारी करायचं, कुणाला इम्तियाजचं गिऱ्हाईक. तेवढ्यात बोट सरफराजपाशी आलं आणि थांबलं. रणजीतनं एकदा ते नाव पाहिलं, एकदा तिच्याकडे पाहिलं. “हजेरीत तांबोळी ना तुम्ही? हं,” तो म्हणाला. “आलं लक्षात.”

त्यानं पुढची नावं वाचलीच नाहीत. त्याला लागत होतं ते मिळालं होतं. सरफराजशी उभ्या जन्मात तिचं ‘जेवलास का’पलीकडे बोलणं झालेलं नव्हतं, त्याचं गाव कुठलं हेही तिला धड माहीत नव्हतं. पण त्या एका नावानं सगळी यादी समजली, रोहिदाससकट समजली, केसरबाईसकट समजली. रणजीतनं मोबाइल काढून पडद्याचा फोटो घेतला. कुणाला पाठवणार ते उघड होतं. मेडिकलबद्दल तो पुन्हा बोलला नाही. मागे कुणीतरी “सगळीकडे असंच चालतं राव” म्हणालं, आणि सईची खुर्ची, अगदी जराशी, आवाज न करता, पलीकडे सरकली.

“ठीक आहे,” मिहिर सर घसा साफ करत म्हणाले. “मॅडमनी प्रामाणिकपणे सांगितलं, हे कौतुकास्पद आहे. आपण न्यायनिवाडा करायला बसलेलो नाही. आपला मुद्दा काय, की रंगात माहिती दडवायची नाही. त्यासाठी स्वतंत्र कॉलम हवा.” त्यांनी नवा रकाना घातला, डोक्यावर ‘ओळखीचा’ असं लिहिलं, आणि कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. “तुम्हीच भरा, मॅडम. हो किंवा नाही. तुम्हाला पाठ असतील.”

शमीम पुढे गेली. तिनं आधी सगळ्या नावांमागचा जांभळा काढून टाकला. मग एकेका नावापुढे ‘हो’ लिहीत गेली. रोहिदास, हो. केसरबाई, हो. सरफराज, हो. पाठ तर होतीच तिला. प्रत्येक नावाशी ती थोडी थांबत होती, कुणीतरी मागून म्हणेल म्हणून, काहीही काय सांगताय मॅडम, तुम्ही तशा वाटत नाही. खरं बोलली असती तर यांनी पुरावा मागितला असता, डॉक्टरचा कागद मागितला असता, परवानगी कुणी दिली ते विचारलं असतं. शेवटचं ‘हो’ लिहून होईपर्यंत मागून कुणी काही विचारलं नाही.